१४ खेळले, १ लाइक

शुक्रवारी रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. शुक्रवारी रात्री हा मुलगा आपणहून मला फोन करतो म्हणजे दोनच शक्यता. एकतर बाइक बंद पडलीय, नाहीतर ब्रेकअप. मी नूडल्सचा बाऊल बाजूला ठेवला, आवाज शक्य तितका मवाळ केला आणि म्हटलं, "बोल भावड्या."

"ताई, थ्री मिळाला."

"काय थ्री?"

"अप्रेझल गं! पाचातले तीन. मीट्स एक्स्पेक्टेशन्स."

हे वाचून तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी आत्ता एक उसासा टाकला असणार. माहितेय मला. भावड्या हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत तीन वर्षं घासतोय. पण त्याची तक्रार 'तीन'बद्दल नव्हतीच. त्याने मॅनेजरला सरळ विचारलं होतं, सर, चारला नक्की कुठे कमी पडलो? सर म्हणाले, "ओव्हरऑल गुड. कीप इट अप."

"आता तूच सांग ताई, नक्की काय कीप अप करू?"

यावर मी काहीतरी मोठ्या बहिणीला शोभेल असं बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "जाऊ दे. मारिओसारखंच झालं बघ. चौदा खेळले, एक लाइक."

आणि मी गप्प झाले. त्याला कारण आहे. ते पुढे कबूल करते. आधी ही मारिओची भानगड काय ते ऐका.

साल २०२०. लॉकडाउन. भावड्या तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ऑनलाइन लेक्चरला कॅमेरा बंद करून तो काय करायचा हे मावशीला आजही माहीत नाही, आणि हा अंक तिच्या हातात पडू नये ही माझी प्रार्थना. न्यू जर्सीच्या काकाने आधल्या दिवाळीत त्याला निन्टेन्डो स्विच आणून दिला होता आणि त्यावर होता 'सुपर मारिओ मेकर २'. लहानपणी टीव्हीला कार्ट्रिजवाला डबा लावून आपण जो मारिओ खेळायचो, तोच. टोपीवाला, मिशीवाला, कासवांवर उड्या मारणारा. फरक एवढाच की यात लेव्हल तुम्ही बनवायची. पाइप कुठे, खड्डा कुठे, नाणी कुठे, सगळं तुमच्या हातात. बनवून अपलोड केली की जगातला कुणीही ती खेळणार आणि आवडली तर लाइक देणार. नाही आवडली तर 'बू' म्हणायचंही बटण आहे.

भावड्याने बावीस दिवस खपून एक लेव्हल बनवली. नाव ठेवलं 'लास्ट लोकल'. आमचा हा पठ्ठ्या डोंबिवलीचा, दुसरं सुचणार काय? रुळांवरून सरकणाऱ्या फळ्या म्हणजे गाडी. फळीवर एकावर एक रचलेले गुंबा म्हणजे गर्दी. पहिली फळी पकडायची, तिच्यावरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. एक चुकली की खाली खड्डा. या गेमचा नियम असा की अपलोड करण्याआधी बनवणाऱ्याने स्वतः लेव्हल पूर्ण करून दाखवायची. भावड्याला त्यासाठी चाळीस वेळा मरावं लागलं. एकेचाळिसाव्या वेळी त्याने झेंडा गाठला, लेव्हल अपलोड केली आणि रात्री दोन वाजता मला मेसेज टाकला: 'इट्स लाइव्ह!!!'

आठवड्याभरात चौदा जण खेळले. पूर्ण केली एकाने. लाइक एक. मग पंधरावा कुणी आलाच नाही. त्याच्याकडे आणखी तीन लेव्हल अर्धवट बनवून ठेवलेल्या होत्या. त्या अजूनही अर्धवटच आहेत.

मंडळी, 'रेटिंग वाईट, आकडे वाईट, कलेला मार्क देणारे तुम्ही कोण' असलं काही मी लिहिणार आहे असं वाटत असेल, तर थांबा. रेटिंगशिवाय यातलं काही चालणारच नाही. पहिला 'सुपर मारिओ मेकर' सप्टेंबर २०१५ मध्ये वी-यू या कन्सोलवर आला. पहिल्या आठवड्यातच लोकांनी दहा लाखांहून जास्त लेव्हल बनवल्या. हिशोब करा. एक लेव्हल तीन मिनिटांची धरली तर दहा लाख लेव्हलना तीस लाख मिनिटं, म्हणजे पन्नास हजार तास. न झोपता, न जेवता खेळलात तरी साडेपाच वर्षांच्या वर. आणि त्यातल्या बहुतेक लेव्हल कशा असणार? तर दहा वर्षांच्या पोराने चार खड्डे आणि नव्वद कासवं टाकून 'माय फर्स्ट लेव्हल' म्हणून चिकटवलेल्या. गहू-तांदूळ निवडायला चाळण लागते, तसं इथे रेटिंग लागतं. खेळणाऱ्याचा वेळ वाचतो. रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे मोजून एक तास असेल, तर तो तुम्ही 'माय फर्स्ट लेव्हल'वर का घालवावा?

प्रश्न चाळणीच्या भोकांचा आहे.

साधी गोष्ट घ्या. एका लेव्हलला दोनच मतं आणि दोन्ही चांगली. शंभर टक्के! दुसरीला शंभर मतं, त्यातली नव्वद चांगली. नव्वद टक्के. यादीत वर कोण? सरळ टक्केवारी लावली तर पहिली. आता ती दोन मतं कुणाची हे तुम्हाला सांगायला हवं का? नवीन मिसळवाल्याच्या पेजवर दोन फाइव्ह-स्टार दिसतात ते कुणाचे असतात? एक त्याचा, एक मेव्हण्याचा. या रोगावर औषध फार जुनं आहे. एडविन विल्सन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ मध्येच एक सूत्र मांडलं होतं. त्याचा फंडा असा: मतं थोडी असतील तर आकड्यावर विश्वासही थोडाच ठेवायचा, आणि टक्केवारीऐवजी सावधपणे धरलेला खालचा अंदाज बघायचा. या सूत्रात घातलं की दोनपैकी दोनवाली लेव्हल धाडकन ३४ टक्क्यांवर येते आणि शंभरातले नव्वदवाली ८३ टक्क्यांच्या आसपास टिकते. मेव्हणा बाद! पीसी गेमर्सच्या स्टीम वर्कशॉपवर तर पुरेशी मतं जमेपर्यंत स्टार दाखवतच नाहीत. सरळ सांगतात, अजून पुरेशी रेटिंग्ज नाहीत. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. मिसळवाल्यालाही लागू करावा.

बरं, पाच स्टार की फक्त अंगठा, हा दुसरा वाद. २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर 'लिटिल बिग प्लॅनेट' आला. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या मीडिया मॉलिक्यूल या कंपनीचा गेम. घरच्या घरी लेव्हल बनवा आणि जगाला वाटा, ही आयडिया कन्सोलवाल्यांच्या डोक्यात यानेच पक्की बसवली. तिथे लेव्हलला एक ते पाच स्टार द्यायचे. २०११ मध्ये त्याचा दुसरा भाग आला तेव्हा स्टार गायब, फक्त आवडली की नाही आवडली एवढंच. त्याच सुमारास यूट्यूबनेही स्टारला रामराम ठोकला होता. त्यांनी २००९ मध्ये स्वतःच सांगितलं की लोक देतात ते जवळजवळ सगळे पाचच. मधल्या दोन, तीन, चारकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग २०१० पासून अंगठा वर, अंगठा खाली. २०१७ मध्ये नेटफ्लिक्स त्याच वाटेने गेलं आणि तिथे चाचणीत असं दिसलं की अंगठा आल्यावर लोक २०० टक्के जास्त रेटिंग देतात. लोकांना विचार करायला लावू नका, लोक भरभरून मत देतील. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे आपण कधीपासून बघतोय.

(एक शंका. सगळं जग स्टार सोडून अंगठ्यावर आलं, तर एचआरवाल्यांचंच एक ते पाच का टिकून आहे? कुणाला उत्तर माहीत असेल तर कळवा. भावड्याला फॉरवर्ड करते.)

पण यापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे. लाइक दिलं जातं, ते नेमकं कशाला? मारिओ मेकरमध्ये एक प्रकार प्रचंड गाजला, आपोआप चालणाऱ्या लेव्हलचा. तुम्ही कंट्रोलरला हातच लावायचा नाही. मारिओ स्प्रिंगवर पडतो, उडतो, तोफेच्या गोळ्यावरून घसरतो, करवतीच्या पात्याला केसभर अंतराने चुकवतो आणि झेंड्यापर्यंत पोचतो. तुम्ही नुसतं आ वासून बघायचं. गाणं वाजवणाऱ्या लेव्हलही तशाच. मारिओ धावतो तसे ठोकळे वाजत जातात आणि धून तयार होते. हे बनवायला भयंकर डोकं लागतं, त्यात वादच नाही. लाइकही धो धो मिळायचे. पण हे खेळण्याला लाइक आहे की बघण्याला? आणि शेजारी ज्याने खरोखर खेळायची, दमवणारी, तीनदा मरून चौथ्यांदा जमणारी लेव्हल बनवलीय, त्याने काय करायचं? दोघांची मापं एकाच तराजूत! पुरणपोळी आणि पंक्चरचं सामान एकाच वजनकाट्यावर.

त्यात आणखी एक गोची. अवघड आणि वाईट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण अकराव्यांदा मेलेल्या माणसाला ते समजावून दाखवा! तो चिडून बाहेर पडणार आणि जाता जाता अंगठा खाली करणार. याच्यावर चांगला तोडगा मला दिसला तो 'जॉमेट्री डॅश'मध्ये. फोनवर उड्या मारत पळणारा तो चौकोन. तुम्ही खेळला नसाल तर लोकलमध्ये शेजारच्या कॉलेजकुमाराने दात-ओठ खात खेळताना नक्की बघितला असेल. रॉबर्ट टोपाला या स्वीडिश पोराने २०१३ मध्ये काढलेला गेम. यातले स्टार म्हणजे कौतुक नव्हे. एक ते दहा स्टार म्हणजे लेव्हल किती अवघड, एवढंच. दहा स्टार म्हणजे 'डीमन', देवाचं नाव घ्या आणि मगच हात घाला. लेव्हल छान आहे का, हे वेगळ्याच शिक्क्याने ठरतं, 'फीचर्ड' वगैरे. खेळणारे किती स्टार असावेत ते सुचवू शकतात, पण शेवटचा शब्द टोपालाचा आणि मॉडरेटर्सना हाताशी धरून. लोकशाही नाही म्हणा हवं तर. पण डीमनमध्ये शिरून आपटलेला माणूस 'लेव्हल फालतू आहे' असं म्हणू शकत नाही. पाटी लावलेली होती ना बाबा!

अवघडपणाचं वेड कुठवर जातं त्याची एक गोष्ट सांगते, कारण ती मला भन्नाट आवडते. पहिल्या मारिओ मेकरमध्ये प्रत्येक लेव्हलखाली आकडा असायचा, खेळणाऱ्यांच्या प्रयत्नांपैकी किती टक्के यशस्वी झाले त्याचा. काही लेव्हलवर तो शून्य असायचा. म्हणजे बनवणारा सोडून एकाही माणसाला जमलेली नाही. शून्य टक्के म्हणजे कचरा, असं तुम्हाआम्हाला वाटेल. 'टीम झिरो पर्सेंट' नावाच्या खेळाडूंच्या गटाला उलट वाटलं. त्यांनी २०१७ पासून शून्यवाल्या लेव्हल शोधून काढून एकेक पूर्ण करायचा सपाटा लावला. निन्टेन्डोने मार्च २०२१ मध्ये वी-यूवर नवीन लेव्हल अपलोड करणं बंद केलं, आणि ८ एप्रिल २०२४ ला ऑनलाइन सेवाच बंद होणार असं जाहीर झालं. झालं, घड्याळ सुरू! मार्च २०२४ पर्यंत दोनच उरल्या. त्यातली 'द लास्ट डान्स' १५ मार्चला पडली. उरली 'ट्रिमिंग द हर्ब्स', काही सेकंदांची लेव्हल, पण खेळाडू हजारोंनी प्रयत्न करून थकले. आणि मग २२ मार्चला ती बनवणाऱ्यानेच कबूल केलं की अपलोडच्या वेळी त्याने ती हाताने पूर्ण केलीच नव्हती. मशीनच्या मदतीने बटणं दाबून घेतली होती. म्हणजे ती लेव्हल यादीत धरायचीच नव्हती आणि मोहीम आठवड्यापूर्वीच फत्ते झाली होती. पण एका पठ्ठ्याने ५ एप्रिलला, सर्व्हर बंद व्हायला तीन दिवस असताना, तीही हाताने पूर्ण केली. याला म्हणतात खाज! सांगायचा मुद्दा, ज्या आकड्यावरून बाकीच्यांनी लेव्हल टाळली, त्याच आकड्यावरून हे लोक तिच्याकडे गेले. आकडा तोच, वाचणारा बदलला.

आणि रेटिंगला किंमत आली की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिल्या मारिओ मेकरमध्ये सुरुवातीला फक्त दहा लेव्हल अपलोड करता यायच्या. जास्त हव्या असतील तर स्टार कमवा, मग मर्यादा वाढत वाढत शंभरपर्यंत जाणार. आणि ज्या लेव्हलला ठरावीक काळात पुरेशी पसंती मिळाली नाही, ती सर्व्हरवरून काढली जाणार. म्हणजे स्टार ही शाबासकी राहिली नाही, रेशनकार्ड झालं. मग 'तू मला दे, मी तुला देतो' सुरू होणारच. लिटिल बिग प्लॅनेटमध्ये आवडत्या लेव्हलला 'हार्ट' द्यायची सोय होती, तर तिथे याला नावच पडलं होतं, हार्ट फॉर हार्ट. लेव्हल न बघता बदाम द्यायचा आणि बदाम घ्यायचा. आपल्याकडे लग्नात पाकिटं देतात तसं. कुणी किती दिले याची डायरी ठेवायची.

भावड्याचं काय चुकलं मग? त्याने कुणाला पाकीट दिलं नाही, आपोआप चालणारी लेव्हल बनवली नाही. पण मला वाटतं यात एक भाग निव्वळ नशिबाचाही आहे, आणि हे मी त्याची बहीण म्हणून बोलत नाहीये. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या तिघा संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि चौदा हजारांवर लोकांना ती ऐकवली. लोकांचे वेगवेगळे गट केले. काही गटांना दुसऱ्यांनी किती वेळा कुठलं गाणं डाउनलोड केलंय ते दिसायचं, एका गटाला काहीच दिसायचं नाही. गंमत अशी की गाणी तीच, पण प्रत्येक गटात हिट वेगळं! सुरुवातीच्या चार जणांनी जे उचललं त्याच्याकडे पुढचे चाळीस वळले. फार चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फार वाईट सहसा चालली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं.

'लास्ट लोकल' मधलीच होती. फार भारी नाही, फालतू तर नाहीच नाही. अशा लेव्हलचं पहिल्या चौदा जणांत जे होईल ते होईल.

आता कबुलीजबाब.

ते एक लाइक माझं होतं.

त्या काळात मी आणि माझी रूममेट कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अडकलो होतो आणि स्विच तिच्याकडेही होता. भावड्याचा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्विचवर 'लास्ट लोकल' खेळले. अर्धा तास. पूर्ण झाली नाही. मग लाइक दिलं आणि झोपायला गेले. ज्या एकाने लेव्हल पूर्ण केली त्याने लाइक दिलं नाही, आणि जिने लाइक दिलं तिने पूर्ण केली नाही. वर मी ज्या मेव्हण्याला बाद केलं ना, तो मीच. विल्सन साहेबांच्या सूत्रात माझी किंमत शून्याच्या आसपास.

इथवर ठीक होतं. बहीण आहे, देणारच. पण त्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट दिसली होती, जी मी त्याला कधीच सांगितली नाही. मारिओ मेकरमध्ये दुसऱ्याची लेव्हल खेळताना तुम्ही मेलात की त्या जागी लाल फुल्या उमटतात. तुमच्याआधी बाकीचे जिथे जिथे मेले त्या जागा. माझ्या मते या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट ती आहे, आणि तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. लाइकचा आकडा सांगतो की लोकांना आवडलं की नाही. फुल्या सांगतात लोक कुठे पडले. आणि 'लास्ट लोकल'मध्ये तिसऱ्या फळीच्या अलीकडे फुल्यांचा नुसता सडा पडला होता. पहिल्या फळीला दोन-चार, दुसरीला एखाद-दुसरी, आणि तिसरीच्या तोंडाशी लालभडक. मी तिथेच मरत होते. सगळेच तिथे मरत होते. दुसरीवरून उडी मारेपर्यंत तिसरी निघून गेलेली असायची.

हे सगळं मी त्या शुक्रवारी फोनवर त्याला सांगितलं. पाच वर्षं उशिरा. नूडल्सचा गोळा झाला होता.

"पण मला फुल्या कशा नाही दिसल्या?" तो म्हणाला. "मी पण खेळलो होतो ना ऑनलाइन, दोन-तीनदा."

"तू तिथे मेलास का?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "नाही. मला ती उडी पाठ होती."

"तेच. मेल्याशिवाय फुल्या दिसत नाहीत."

"तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"लाइक दिलं होतं ना रे."

यावर त्याने मला जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही. मग थोडा वेळ तो नुसताच 'हं, हं' करत होता. मी म्हटलं, मॅनेजरला सोमवारी जाऊन परत विचार. चार का नाही, हे विचारू नकोस. मागच्या सहा महिन्यांत माझ्यामुळे काम कुठे अडलं, कुठल्या आठवड्यात, कुठल्या रिलीजला, हे विचार. कदाचित त्यांनाही तेवढं सांगता येईल. 'ओव्हरऑल'चं कुणालाच काही सांगता येत नाही.

तो म्हणाला, "बघतो." म्हणजे विचारणार नाही. ओळखते मी त्याला.

"ताई, तिसरी फळी साधारण किती आधी निघायची गं?"

"पाच वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार?"

"अंदाजे."

"अर्धा सेकंद. जास्त नाही."

"अपलोड झालेली लेव्हल बदलता येत नाही. नव्याने टाकावी लागेल. ते एक लाइक पण जाईल."

"जाऊ दे की."

फोन त्याने ठेवला नाही. पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग चार्जर शोधताना मावशीला मारलेली हाक, आणि थोड्या वेळाने स्विच सुरू होतानाचा तो ओळखीचा 'टक'.